सज्ज्याखालची सहा पानं

कलामेळ्याची पत्रकं छापून आली तेव्हा थापामास्तर दुकानात एका दाराला रंधा मारत होते. वायरमनने सायकल टेकवली, आत आला आणि एक पत्रक थेट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"मास्तर, बघा. तुमचं पान."

पत्रकाच्या मधोमध खरंच ते होतं. लाकडात कोरलेलं मोठं पान, टोकाला किंचित वळलेलं, देठाशी एक किडा बसलेला. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आपली आळी, आपले कलाकार. तीन दिवस. प्रवेश सर्वांना फुकट.' मास्तरांनी भुशाने माखलेल्या अंगठ्याने पत्रक उगाच पुसलं आणि म्हणाले, "किडा माझ्यापेक्षा देखणा आलाय."

वायरमन हसत निघून गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर मास्तर स्टुलावर बसले. सत्तावीस वर्षं ज्या सहा पानांकडे कुणी फार निरखून बघू नये म्हणून ते धडपडले, त्यांतलंच एक आता आळीच्या प्रत्येक भिंतीवर लागणार होतं.

मास्तर धंद्याने सुतार. शाळेत गेले ते चौथीपर्यंतच. पण अर्ध्या आळीला सरळ खिळा ठोकायला त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. आणि 'थापा' हे आधी का लागलं ते त्यांच्या दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळायचं. लीप वर्षात बनलेले खिळे वाकडे जातात असं त्यांनी एकदा पोस्टमनला सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने बाजारात जाऊन पुडा बदलून आणला. थाप मारताना मास्तरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नसे. उलट ते जास्त गंभीर होत, आवाज खाली आणत, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत. तेच तर त्यांचं कसब होतं. फसलेला माणूस रागावण्याऐवजी चहा पाजायचा.

पण त्यांच्या सगळ्याच थापा फुकटच्या नव्हत्या. काही कामाच्या होत्या, आणि त्या एकाच जागेबद्दल होत्या.

आळीच्या टोकाला धान्याचं जुनं गोदाम होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी आळीने मिळून त्याचा हॉल केला. आतून तीन बाजूंना लाकडी सज्जा होता, पोती ठेवायला केलेला, तो आता माणसांना बसायला करायचा होता. काम मास्तरांकडे आलं. तेव्हा ते तरुण होते आणि हातात कला होती, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. डावीकडच्या भिंतीत पाणी मुरलं होतं. सज्जा ज्या तुळयांवर उभा होता, त्यांतल्या सहा तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं कुजून गेली होती, बोटाने दाबली तर भुगा पडत होता. अख्ख्या तुळया बदलायला हव्या होत्या. तेवढं लांब लाकूड मिळेना. मग मास्तरांनी दुसरा मार्ग काढला. प्रत्येक तुळईचं कुजकं टोक हातभर कापलं आणि तिथे नवा तुकडा सांधला. असा सांधा चालतो, पण त्याच्या खालून भिंतीला धरून जाड लोखंडी आधार द्यावा लागतो. आधार नसेल तर सगळा भार गोंदावर आणि दोन बोल्टांवर.

लोखंडी आधार लोहाराला सांगितले होते. लोहाराचा हात भाजला. तो म्हणाला महिना लागेल. उद्घाटन पाच दिवसांवर आलेलं, आणि त्याच आठवड्यात मास्तरांची बायको बाळंत होऊन मुलगी झाली. मास्तर दवाखाना आणि हॉल अशा येरझाऱ्या घालत होते, डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यांनी वेळ मारून नेली. उरलेल्या सागवानातून सहा पानं कोरली आणि सांधे झाकतील अशी भिंतीला लावली. दिसायला वाटावं, पानांनीच सज्जा तोलून धरलाय. महिन्याभराने पानं उतरवू, लोखंड बसवू, असा त्यांचा हिशोब होता. त्यात खोट नव्हती, फक्त घाई होती.

उद्घाटनाला माणसं आत आली आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. कुणाला तो किडा दिसला. मग काय विचारता. लहान मुलं बोटं दाखवू लागली, म्हातारी माणसं चष्मे पुसू लागली, शेजारच्या आळीचे लोक मुद्दाम बघायला आले. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना कुणी सुतार न म्हणता कलाकार म्हटलं. पाचव्या आठवड्यात लोहाराने सहाही आधार आणून दिले, तेव्हा मास्तर ते घेऊन हॉलच्या दारापर्यंत गेले. आत कुणाचा तरी कार्यक्रम चालला होता. लोखंड बसवायचं तर पानं काढावी लागणार, आणि का काढली ते सांगावं लागणार. ते परत आले. सहा आधार दुकानाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली गेले, आणि अजून तिथेच होते.

तेव्हापासून मास्तर थापा मारून सज्जा रिकामा ठेवत आले. वर बसून ज्यांनी नाटक पाहिलं अशा तिघांची लग्नं मोडली, चौथ्याचं झालं, तो अजून रडतोय. वर वटवाघळं मुततात. वर बसलं की केस गळतात, माझ्याकडेच बघा. माणसं हसायची आणि खालीच बसायची. तसाही जिना अरुंद, वर पंखा नाही, कोण कशाला जातंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. दरवर्षी एकदा मास्तर पॉलिशचा डबा घेऊन शिडीवर चढायचे, आणि पॉलिश लावताना खिशातली पातळ स्टीलची पट्टी हळूच सांध्यात घालून पाहायचे. पहिली दहा वर्षं पट्टीचं टोकही शिरलं नाही. मग नखभर शिरलं. गेल्या वर्षी तिसऱ्या पानामागे ती इंचभर आत गेली होती.

पत्रक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर डबा घेऊन हॉलमध्ये गेले. तिसऱ्या पानाशी शिडी लावली. पट्टी घातली. ती चार इंच आत गेली, कुठेही न अडता. मास्तरांनी ती सोडून पाहिली, तर ती तिथेच लटकत राहिली आणि मग आपोआप थोडी खाली वाकली. बाहेर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तशी ती हलली. मास्तरांनी ती काढून घेतली.

"बरं झालं भेटलात, मास्तर," खालून आवाज आला.

सेक्रेटरीबाई होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मेळा त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. गेली तीन वर्षं तो गल्लीत भरत आला. न्हावी बासरी वाजवायचा, रात्रपाळीचा वॉचमन कविता वाचायचा, शिंपीण चिंध्यांतून माणसांचे चेहरे शिवायची. कुणाकडून एक पैसा घ्यायचा नाही, कुणी मोठा पाहुणा बोलवायचा नाही, हे बाईंचं ब्रीद. चांगली बाई. चांगल्या माणसांनी एकदा काही ठरवलं की त्यांना अडवणं फार कठीण असतं.

"या वर्षी सुरुवात हॉलमध्ये," बाई म्हणाल्या. "आधी तुमचा सत्कार. मग तुमच्या लेकीचं गाणं. बेचाळीस जण, सगळे वर सज्ज्यात, तीन बाजूंना. खाली प्रेक्षक. आवाज आभाळातून आल्यासारखा वाटेल."

"बेचाळीस," मास्तर म्हणाले.

"आणि शेवटच्या कडव्याला पायाने ताल धरायचा. तुमच्या लेकीचीच कल्पना."

मास्तर शिडीवरून उतरले. म्हणाले, हॉल चार दिवस बंद ठेवा, मला पानांना पॉलिश करायचंय. बाई म्हणाल्या, आहेत तशीच छान आहेत, मेळा झाल्यावर करा. मास्तर म्हणाले, वर आवाज घुमतो, गाणं कळायचं नाही. बाई म्हणाल्या, लेकीने टाळी वाजवून पाहिलंय. मास्तर म्हणाले, वटवाघळं. बाई नुसत्या हसल्या. तिथेच, त्या क्षणी, दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं. हॉल रिकामा होता, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. पण सत्तावीस वर्षं न बोललेली गोष्ट घशातून अशी सहज येत नाही, आणि बाईंच्या पिशवीवरही ते पान छापलेलं होतं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी पहाटे सहा बल्ल्या हातगाडीवर घालून आणल्या आणि सहाही पानांखाली टेकू लावले. खाली पाचर ठोकली, हात झटकले, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली. दुपारी हॉलवर गेले तर टेकू गायब. बल्ल्या मागच्या अंगणात नीट रचून ठेवलेल्या.

"फोटोत येत होत्या," वायरमन म्हणाला. तो स्पीकर टांगत होता. "तुमचीच पानं झाकली जात होती, मास्तर. बाई म्हणाल्या काढ. आणि हे बघा, स्पीकर कसा बसलाय." त्याने दोन मणांचा तो खोका सज्ज्याच्या कठड्याला बांधला होता, तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या मधोमध.

तेवढ्यात रंगीत तालीम सुरू झाली. डावीकडचे पंधरा जणच आले होते, बाकीचे कामावर होते. लेक खाली मधोमध उभी राहून हात हलवत होती. मास्तर तिसऱ्या पानाच्या बाजूला भिंतीला तळहात लावून उभे राहिले. गाणं त्यांना ऐकूच आलं नाही. तळहाताला मात्र सगळं कळत होतं. शेवटच्या कडव्याला वर पाय पडू लागले तशी भिंतीतून बारीक थरथर आली, आणि पानाच्या देठामागून चिमूटभर पिवळा भुगा त्यांच्या बाहीवर पडला. भुगा ताजा होता. सुताराला ते वासावरून कळतं.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरांनी ताट बाजूला सारलं. घरात तिघंच मोठी माणसं: ते, बायको आणि लेक. जावयाची नोकरी दूरच्या गावी, म्हणून बाळ झाल्यापासून लेक माहेरीच होती. बाळ चार महिन्यांचं, आतल्या खोलीत झोपलेलं.

"उद्या सज्ज्यात कुणाला चढवू नकोस," मास्तर लेकीला म्हणाले. "डावीकडच्या सहा तुळयांना टोकं नाहीत. मी सांधलीत. खाली लोखंड पाहिजे होतं, ते मी घातलं नाही. पानं नुसती शोभेची आहेत. सज्जा पडेल."

आवाज खाली आलेला. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. लेकीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग ती खळखळून हसली.

"बाबा, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी थाप. अंगावर काटा आला माझ्या."

"थापा बाहेर मारा," बायको म्हणाली. "उद्या सत्कार म्हणून आज धडधडतंय, दुसरं काही नाही. भात घ्या."

"अगं, खरं सांगतोय."

"तुम्ही थाप मारताना हेच म्हणता," लेक म्हणाली. मग ती त्यांच्याजवळ सरकून बसली. "बाबा, मी जन्मले त्या आठवड्यात तुम्ही ती पानं कोरलीत. शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, ती माझी पानं आहेत. म्हणून मला वरून गायला लावायचंय सगळ्यांना. उद्या नुसते बसा आणि ऐका."

सहा लोखंडी आधार दुकानात होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दहा पावलं. एक उचलून आणून ताटाशेजारी ठेवला असता तरी लेकीचं हसू थांबलं असतं. मास्तर उठले नाहीत. लेक हसली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आता माझ्या माथी काही नाही, असा एक घाणेरडा दिलासा त्यांच्या मनात येऊन गेला. माणूस स्वतःलाही थापा मारतो, आणि त्या सगळ्यात सहज पटतात. त्यांनी भात घेतला.

सकाळी दहाला हॉल भरला. आळीतलं एकही घर मागे राहिलं नव्हतं. फुकट म्हटलं की येतात असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. स्वतःची माणसं बघायला आले होते सगळे. व्यासपीठाशेजारच्या टेबलावर मास्तरांची जुनी हत्यारं मांडली होती, करवत, पटाशा, लाकडी हातोडा, आणि पुढे चिठ्ठी, 'कलाकाराची हत्यारं. हात लावू नये.' डावीकडे सज्ज्याखाली खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, कारण तिथे पंखा होता. बाळाला उकडतंय म्हणून मास्तरांची बायकोही त्याला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. तिसऱ्या पानाच्या बरोबर खाली.

शाल झाली, टाळ्या झाल्या. बाईंनी माईक मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग माईकमध्ये म्हणाले, "हा सज्जा पडणार आहे. डावीकडच्या लोकांनी उठा."

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, लग्न मोडेल ते सांगा!" पुन्हा हसू. मास्तर म्हणाले, मी खरं सांगतोय, त्याखाली लोखंड नाही. त्यावर टाळ्या पडल्या. बायको बाळाचा हात धरून त्यालाही टाळी वाजवायला लावत होती. बाईंनी हसत हसतच माईक काढून घेतला आणि म्हणाल्या, "आमचे मास्तर असे आहेत म्हणून तर ही आळी आळी आहे." आणि त्यांनी लेकीला खूण केली. गाणारे जिन्याकडे वळले.

पहिली बाई चढली. मग तिच्यामागे शिंपीण, मग तिची जाऊ. जिना करकरत होता. मास्तर शाल अंगावर तशीच घेऊन उभे होते. चार जण वर गेले, सात गेले. वर गेलेले डावीकडे सरकून पुढच्यांना जागा करून देत होते. बारा झाले. मास्तरांच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की माणसं मोजता मोजता त्यांचा हात टेबलाकडे गेला आणि त्यात पटाशी आणि हातोडा आला.

वायरमनची शिडी भिंतीशीच होती. मास्तरांनी ती ओढून तिसऱ्या पानाखाली लावली आणि बायकोला म्हणाले, "ऊठ." ती उठली. का उठली ते तिलाही कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं एका शब्दात कधी काही सांगितलं नव्हतं.

"मास्तर, काय करताय?" बाई म्हणाल्या.

"पान काढतोय."

त्यांनी देठापाशी पटाशी लावली आणि हातोडा मारला. तिसऱ्या घावाला किड्याचं डोकं उडालं. हॉलमधून 'अरे अरे' असा आवाज आला, कुणी मुलाला मारल्यावर निघावा तसा. दोघं जण शिडीकडे धावले. पाचव्या घावाला पान भिंतीपासून सुटलं आणि मास्तरांच्या खांद्यावरून घसरत खाली खुर्चीवर आदळलं, बायको जिथे बसली होती तिथे.

त्यामागे काही नव्हतं. ना लोखंड, ना दगड. सांध्यात बोटभर फट होती, दोन गंजके बोल्ट दिसत होते, आणि त्यांतला एक मोडलेला होता. फटीतून भुगा एकसारखा गळत होता. आणि मग तुळईने आवाज केला, फार मोठा नाही, बोट मोडल्यासारखा, आणि सज्ज्याची कड दोन बोटं खाली आली. वरच्या बारा जणांनी कठडा धरला. स्पीकर हळूहळू झुलत होता.

आता कुणी हसत नव्हतं. मास्तर शिडीवरूनच बोलले, हळू आवाजात. "पाय आपटू नका. कठडा सोडा. भिंतीला पाठ लावा. एकेक जण जिन्याकडे. शिंपीणबाई, आधी तुम्ही." खालच्या म्हाताऱ्यांना लोकांनी खुर्च्यांसकट उचलून बाहेर नेलं. वर बारा, अकरा, दहा. प्रत्येक पावलाला फटीतून भुग्याची एक धार सुटायची. सातवी बाई मध्येच गोठली, तिला पुढे टाकायला पाय उचलेना. लेक खालून तिच्या नावाने नाही, तर तिच्या सुराने बोलावत राहिली, नुसता एक 'सा' लावून धरला, आणि त्या सुराकडे बघत बघत ती बाई चालत आली. शेवटची उतरली तेव्हा कुठे मास्तरांनी हातातला हातोडा खाली सोडला. ते शिडीवरच बसले.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सेक्रेटरीबाईंनी त्यांना उतरवलं आणि शिडीवर चढून स्वतः फटीत पाहिलं. उरलेल्या पाच पानांकडे पाहिलं. खाली उतरून त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी मान हलवली आणि हॉलला कुलूप लावायला सांगितलं. मेळा गल्लीत भरला, दरवर्षीसारखा. बेचाळीस जण रस्त्यावरच उभे राहून गायले आणि, लोक म्हणतात, फार चांगलं गायले. लेक गाणाऱ्यांकडे तोंड करून उभी होती. मास्तरांना गर्दीमागून तिची पाठ दिसत होती. गाणं संपल्यावर तिने वळून पाहिलं नाही. शेवटच्या कडव्याला पायाने ताल कुणी धरला नाही.

संध्याकाळी मास्तर घरी निघाले. दिवे अजून लागायचे होते. न्हाव्याच्या दुकानावरून जाताना आतून टकटक ऐकू आली. न्हावी वस्तऱ्याच्या मुठीने आरशामागची फळी ठोकून बघत होता. ती फळी मास्तरांनी बसवली होती. पुढे शिंपिणीच्या दारात तिचा नवरा दाराची चौकट दोन्ही हातांनी हलवून पाहत होता. त्याने मास्तरांना पाहिलं आणि हात खाली घेतले. पुढच्या घरातूनही तसाच आवाज. मग त्याच्या पुढच्या. आळीत असं घर नव्हतं जिथे मास्तरांच्या हातचं काही नव्हतं: बाक, दारं, माळे, पलंग, शाळेच्या खिडक्या. सगळं काम चोख होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी दुसरा एकही सांधा खोटा घातला नव्हता, उलट त्या एका खोट्याच्या भीतीने इतर ठिकाणी दुप्पट लाकूड घातलं होतं. हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडाने सांगणार? ते भिंतीच्या कडेकडेने चालत राहिले, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक त्यांचं लाकूड ठोकून ऐकत होते.

घरात बायको स्वयंपाकघरात होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. लेक आतल्या खोलीत होती. बाळ पाळण्यात जागं होतं, मुठी हलवत होतं. पाळणा मास्तरांनीच केलेला, नातवासाठी, चार महिने खपून. लेकीने एक हात पाळण्याच्या कडीवर ठेवला होता. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"हा पाळणा चांगला आहे ना?"

मास्तर दारातच थांबले. त्यांना पाळण्यातला प्रत्येक सांधा माहीत होता. कड्या त्यांनी स्वतः उभं राहून घडवून घेतल्या होत्या. त्यात ते स्वतः बसले असते तरी तो तुटला नसता.

"चांगला आहे," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "खरं सांगतोय."

लेकीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ती वाकली, बाळाला दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर ठेवलं. चादर तिने तिथे आधीच घालून ठेवली होती.